मदत हवी आहे : जर्मनीला सहकुटुंब जावे का?

नमस्कार. मी पुण्यात वाहन उद्योगात अभियंता असून मला श्टुटगार्टमध्ये नोकरीचा प्रस्ताव आला आहे. मुलगी नववीत असल्याने निर्णय मुख्यतः तिच्या शिक्षणावर अवलंबून आहे. श्टुटगार्ट ज्यात येते त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ पासून विद्यापीठात प्रत्येक सत्राला १,५०० युरो शुल्क भरावे लागते. मात्र जर्मन शाळेतून ‘आबिटुर’ (विद्यापीठ प्रवेशासाठीची शालान्त परीक्षा) उत्तीर्ण झालेल्यांना ते माफ असते, म्हणून आताच सर्वांनी जाणे आर्थिकदृष्ट्या योग्य वाटते. परंतु या वयात नवी भाषा शिकून त्याच भाषेत गणित-विज्ञान शिकण्याचे ओझे तिच्यावर टाकणे अन्यायाचे तर ठरणार नाही ना, ही चिंता मला पैशांपेक्षा अधिक सतावते. याच वयाची मुले घेऊन तिकडे गेलेल्या पालकांनी, मुलांना भाषा आत्मसात करायला किती काळ लागला आणि शाळेचे वर्ष वाया गेले का, हे कृपया सांगावे.