मदत हवी आहे: लांब पण विरळ केसांचा अंबाडा टिकत नाही

मैत्रिणींनो, डिसेंबरात धाकट्या दिराचं लग्न आहे, नऊवारी नेसायची आहे. केस कमरेपर्यंत, पण मुळातच रेशमासारखे बारीक. त्यात बाळंतपणानंतर चौथ्या महिन्यात मूठमूठ गळले. डॉक्टर म्हणाल्या, हार्मोन उतरल्यामुळे होतं, येतील परत. येतायत, पण कपाळावर दोन-दोन इंचांची पिसं उभी राहतात आणि वेणीचं टोक उंदराच्या शेपटीसारखं.

काल रंगीत तालीम केली. डोनट (अंबाड्याच्या आत घालायची स्पंजची गोल रिंग) लावून अंबाडा घातला तर केस पुरेनात, मागून स्पंज दिसतो! आकडे तेल न लावताही सुळकन खाली. गजरा माळल्यावर सगळंच मानेवर आलं. पार्लरवाली गंगावन (वरून जोडायचे केस) सुचवते, पण त्याच्या भाराने मुळांना ओढ बसेल अशी भीती वाटते. बॅककोम्बिंग (केस उलटे विंचरून फुगवणं) तर नकोच, मागे एकदा गुंता सोडवताना अर्धे केस कंगव्यात आले होते.

कोणी आधी क्रिम्पिंग (गरम मशीनने केसांना बारीक नागमोडी घड्या पाडणं) करून मग खोपा घातलाय का? केस आदल्या दिवशी धुवावेत की दोन दिवस आधी? आणि खरं सांगा, खालून चार बोटं कापले तर दाट दिसतील का? सासूबाईंना कात्रीचं नाव काढलेलं चालत नाही, पण ते मी बघून घेईन.