मेड स्कूलच्या इंटरव्ह्यूला बॅग, कोट, डबा... हे सगळं ठेवायचं कुठे?

अंगणवेल

लेकीला मेड स्कूलचा पहिला प्रत्यक्ष इंटरव्ह्यू आलाय. जानेवारीत, मिनेसोटात. आधीचे दोन झूमवर झाले, तेव्हा आमच्यापुढे प्रश्न एकच होता: मागचं देवघर फ्रेममध्ये येतंय का. २०२० पासून बऱ्याच शाळा ऑनलाइनच घेतात, त्यामुळे तिच्या मैत्रिणींनाही विचारून उपयोग नाही.

भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात. इथे अमेरिकेत मेड स्कूल म्हणजे मेडिकल कॉलेज. त्याआधी साध्या कॉलेजची चार वर्षं, मग एमकॅट ही प्रवेशपरीक्षा (गुणांची ४७२ ते ५२८ अशी विचित्र पट्टी), जूनच्या सुमारास अर्ज, मग उन्हाळाभर प्रत्येक शाळेचे वेगळे निबंध, आणि त्यातून बोलावलं तर इंटरव्ह्यू. २०२३ साली एमडीच्या (इथली डॉक्टरकीची पहिली पदवी) शाळांना अर्ज करणारे ५२ हजारांवर होते, प्रत्यक्ष प्रवेश मिळाला सुमारे २३ हजारांना. तेव्हा बोलावणं आलं की घरात लग्नघर होतं.

आता अडचण. हॉटेल सकाळीच सोडायचं, परतीचं विमान संध्याकाळी. म्हणजे तिच्याबरोबर चाकांची बॅग असणार. वर गुडघ्याखालपर्यंत येणारा कोट, बर्फाचे बूट (चांगले बूट बॅगेत), लॅपटॉपची बॅग, अर्जाची प्रत ठेवलेलं फोल्डर, पाण्याची बाटली, आणि मी देणार आहे तो दशम्यांचा डबा. ही सगळी वरात घेऊन पोर आत शिरणार कशी? ती म्हणते, "आई, खुर्चीशेजारी खाली ठेवेन, त्यात काय एवढं!" पण फोल्डर जमिनीवर, पायाशी? वहीला पाय लागला तर हात लावून कपाळाला लावणाऱ्या घरात वाढलीये ती. मांडीवर घ्यावं, तर दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं दिसतं. टेबलावर ठेवावं का?

नवरा म्हणतो मी वेडी झालेय. तुम्ही सांगा.

रविवारची_मिसळ

नवऱ्याशी सहमत. :)

एमकॅट दिलेली, चार वर्षं लॅबमध्ये घासलेली मुलगी बॅग डावीकडे ठेवली की उजवीकडे यावरून पडणार असेल, तर त्या शाळेत न गेलेलीच बरी. जिथे जागा दिसेल तिथे ठेवायची नि बोलायला लागायचं. कोट मात्र घालू द्या. जानेवारीत मिनेसोटा म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, नाकातला श्वास गोठतो. रुबाबासाठी पातळ जाकीट घालून गेली तर इंटरव्ह्यूऐवजी थेट इमर्जन्सीत.

कोकणी_फणस

मिसळराव, एवढं सोपं नाही. मी हॉस्पिटलच्या भरतीत पंधरा वर्षं काढली. माणूस दारातून आत येऊन खुर्चीत टेकेपर्यंत समोरच्याचं निम्मं मत झालेलं असतं. ते बरोबर असतं असं मी म्हणत नाही. असतं, एवढंच.

अंगणवेलताई, लिहून घ्या. उजवा हात मोकळा, कारण शेकहँड कधी करावा लागेल सांगता येत नाही; काय असेल ते डाव्या हातात. कोट खोलीच्या बाहेरच काढायचा, आत जाऊन बाह्यांशी कुस्ती खेळायची नाही. बर्फाचे बूट इमारतीत शिरल्याशिरल्या स्वच्छतागृहात बदलायचे. फोन बंद. व्हायब्रेटवर नाही, बंद. बॅग खुर्चीच्या डाव्या अंगाला, आपल्या पायाशी, म्हणजे उठताना कुणी अडखळणार नाही. आणि टेबलावर काही म्हणजे काही ठेवायचं नाही. ते टेबल त्यांचं आहे. आपली बाहेरून आणलेली बॅग त्यावर ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर चपला ठेवणं.

निशाचर_डॉक

सहा वर्षं आमच्या शाळेत इंटरव्ह्यू घेतोय, म्हणून लिहितो. कुठली शाळा ते विचारू नका.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा भली मोठी सूटकेस घेऊन आला. रात्रभर बर्फ, विमान उशिरा, हॉटेलात पोचलाच नव्हता, विमानतळावरून थेट. मला त्या सूटकेसचं काहीच वाटलं नसतं. पण त्याने आत येताना माफी मागितली, बसताना मागितली, मग ती बॅग घरंगळून माझ्या टेबलाला लागली तेव्हा मागितली, आणि 'डॉक्टरच का व्हायचंय' याचं उत्तर चालू असताना मध्येच तिच्याकडे बघून परत मागितली. तीस मिनिटांतली चार-पाच त्यातच गेली. पोरगा हुशार होता, आणि मला त्याच्याबद्दल लिहायला कमी मिळालं. बॅग मी विसरलो असतो. ती त्याने विसरू दिली नाही.

फॉर्मवर बॅगेचा रकाना नसतो हे सांगून टाकतो. आणि बहुतेक शाळांत सामान ठेवायला एक खोली नाहीतर कपाट असतं. निमंत्रणाच्या मेलमध्ये लिहिलं नसेल तर कोऑर्डिनेटरला दोन ओळींत विचारा. त्यांना हा प्रश्न रोजचा आहे.

खरी काळजी करायचीच असेल तर फोनची करा, पण खोलीतल्या नाही. हॉस्पिटलची टूर असते तेव्हाच्या. एका मुलीने नर्सिंग स्टेशनजवळ उभं राहून सेल्फी काढला, मागे फळ्यावर पेशंटची आडनावं. रुग्णाची माहिती जपण्याचा कायदा इथे १९९६ पासून आहे, आणि डॉक्टर व्हायला आलेल्या माणसाला तो शिकवायची वेळ यावी हे बरं नाही. ती गोष्ट मात्र कमिटीपुढे गेली.

कोकणी_फणस

डॉक्टरसाहेब, बॅगेचा रकाना नाही, कबूल. 'व्यावसायिक वर्तन' असा आहे की नाही? तिथे काय बघून भरता?

निशाचर_डॉक

आहे. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर अर्धा वेळ अंदाजानेच भरतो. हा गोल तुमचा.

टेम्सकाठी

इंग्लंडात हा प्रश्न उरतच नाही. मुलाच्या वेळी सात स्टेशनांचा एमएमआय होता, म्हणजे मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू: सात दारांआड सात छोट्या मुलाखती, प्रत्येक ठिकाणी वेगळा परीक्षक. आल्याआल्या बॅग, कोट, फोन सगळं एका वर्गात ठेवून घेतलं, छातीवर नंबराचा स्टिकर लावला, झालं. दारावरचा प्रसंग वाचायचा, घंटा झाली की आत, पुन्हा घंटा झाली की पुढच्या दारावर. ही पद्धत मूळची कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठाची, २००० नंतरची. एकाच परीक्षकाची मर्जी चालू नये म्हणून काढली. सातजणांपैकी एकाला तुम्ही आवडला नाहीत तरी सहा उरतात. अमेरिकेतही बऱ्याच शाळा आता असंच घेतात, तेव्हा ताई, आधी बघा की तुमच्या लेकीचा इंटरव्ह्यू कुठल्या प्रकारचा आहे. एमएमआय असेल तर एवढं सामान घेऊन दारोदार फिरवणार नाहीत.

गंमत म्हणजे हात रिकामे झाल्यावर पोराला हातांचं काय करायचं तेच कळेना. पहिल्या स्टेशनला खिशात, दुसऱ्याला पाठीमागे, तिसऱ्याला म्हणे शाळेतल्या प्रार्थनेसारखे जोडलेले.

बटाटेवडा

फणसकाकांची यादी वाचली. बॅग, फोल्डर, दोन प्रकारचे बूट, कोट. यातलं ज्याच्याकडे काहीच नाही त्याने काय करायचं?

मी पहिल्या इंटरव्ह्यूला रात्रभर बसने गेलो होतो. एकच पाठीवरची सॅक, तिचा एक बंद सेफ्टीपिनने अडकवलेला. त्यातच सूट गुंडाळलेला, त्यातच टूथब्रश. बाकीची मुलं कडक चामडी फोल्डर मांडीवर घेऊन बसलेली, आत कोरा कागद! एकानेही दिवसभरात त्यावर अक्षर लिहिलं नाही. ते फोल्डर म्हणजे 'मी तुमच्यातलाच' हे सांगायचं पदक आहे, बाकी काही नाही. आणि मग त्याला आपण मराठी लोक 'संस्कार' म्हणणार. पैसे असले की संस्कार आपोआप दिसतात, काका. सॅक जमिनीवर ठेवली म्हणून मी असंस्कृत, आणि तेच दोनशे डॉलरचं चामडं ठेवलं की 'आत्मविश्वास'?

रविवारची_मिसळ

+१. कडक!

कोकणी_फणस

वडापाव (क्षमस्व, बटाटेवडा), तुमच्या सॅकला मी काही म्हटलेलं नाही. उजवा हात मोकळा ठेवायला पैसे पडत नाहीत. फोन बंद करायलाही नाही.

आणि उलटं सांगतो. मी चिपळूणजवळच्या खेड्यातला. मुंबईत पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला गेलो तेव्हा छत्री कुठे ठेवायची ते माहीत नव्हतं. जुलै महिना, छत्री गळतेय, आणि मी ती साहेबांच्या केबिनमध्ये मांडीवर घेऊन बसलो. पँट भिजली, खाली थारोळं झालं. दाराबाहेर छत्र्यांसाठी बादली होती. ती फक्त मलाच दिसली नव्हती, कारण तसली बादली मी जन्मात पाहिली नव्हती. ज्याच्या घरी तीन पिढ्या डॉक्टर आहेत त्याला कुणी हे सांगावं लागत नाही, जेवताजेवता कळतं. न लिहिलेले नियम ज्याला ठाऊक नाहीत त्यालाच ते महागात पडतात. म्हणून मी लिहून देतो. तुम्ही 'काही फरक पडत नाही' असं सांगून पोरांना रिकाम्या हाताने पाठवता.

बटाटेवडा

छत्रीची गोष्ट पटली. बाकी अर्धंच पटलं. सांगा ना, जरूर सांगा, पण युक्ती म्हणून सांगा, लायकी म्हणून नको. "बादली बाहेर आहे रे" असं म्हणणं वेगळं आणि "भिजलेली छत्री आत आणणारा माणूस कसा असेल ते मी ओळखतो" असं म्हणणं वेगळं. तुमच्या पहिल्या प्रतिसादात दुसरा सूर होता. 'निम्मं मत झालेलं असतं' हे तुम्ही हवामानासारखं सांगता, जणू तुमचा त्यात हात नाही. पंधरा वर्षं मत करणारे तुम्हीच होतात ना?

कोकणी_फणस

होतो.

फौजी_पुणेकर

वातावरण तापलंय, म्हणून थोडं अवांतर. आपल्याकडे एमबीबीएसला इंटरव्ह्यू नसतो म्हणतात, पण पुण्याच्या एएफएमसीला, म्हणजे सैन्यदलांच्या मेडिकल कॉलेजला, असतो. आता नीटनंतर निवडक मुलांना बोलावतात, आमच्या वेळी त्यांची स्वतःची लेखी परीक्षा होती. वडील गेटबाहेर झाडाखाली, रेक्झिनची बॅग मांडीवर घेऊन. आत माझ्याकडे फक्त नाडी बांधायची फाइल. दारात 'मे आय कम इन सर' म्हणताना नाडी सुटली आणि दहावीपासूनच्या सगळ्या मार्कलिस्टा फरशीवर. बोर्डावरचे एक अधिकारी स्वतः उठून वाकले. मी इतका घाबरलो की त्यांच्या हातातला माझाच डोमिसाइल दाखला हिसकावून घेतला.

निवड झाली नाही. फाइलमुळे नव्हे, फिजिक्समुळे. नंतर दुसऱ्या वाटेने फौजेत गेलो.

आणि नीटच्या मुलांचं विचाराल, तर त्यांना ही चैन नाहीच. अर्ध्या बाह्या, पायात चपला, घड्याळ नको, धातूचं काही नको, पेनसुद्धा केंद्रावरच मिळतं. २०२४ साली २३ लाखांहून जास्त मुलं अशी रिकाम्या हाताने आत गेली. सामान सांभाळत बाहेर उन्हात आईबाप.

निशाचर_डॉक

ताई, जमिनीचं राहिलंच. वहीला पाय लागण्याचं सोडा, हॉस्पिटलच्या फरशीवर काय काय सांडून पुसलेलं असतं ते मला विचारा. बॅग खाली ठेवली तर ठेवा, पण नंतर तीच विद्यार्थ्यांबरोबरच्या जेवणात टेबलावर चढवू नका.

अंगणवेल

सगळ्यांचे आभार. काल इंटरव्ह्यू झाला, तर वृत्तांत देते.

डॉक्टरांचं ऐकून मेल केला होता, पंधरा मिनिटांत उत्तर आलं: सामानाची खोली आहे, कोटासाठी हँगर आहेत. म्हणजे मी पंधरा दिवस झोप घालवली ती उगाच. फणसकाकांचा बुटांचा सल्ला कामी आला. स्वच्छतागृहात तीन मुली आधीच एका पायावर उभ्या होत्या.

पहिला इंटरव्ह्यू सुरळीत. दुसरा एका वयस्कर प्राध्यापकांच्या ऑफिसात. तिथे दोन्ही खुर्च्यांवर, टेबलावर, खिडकीत कागदांचे गठ्ठे, त्यांनीच एक गठ्ठा उचलून खुर्ची रिकामी करून दिली. टेबलावर ठेवायचा प्रश्नच मिटला. फोल्डर खालीच ठेवावं लागलं. उठताना पाय लागलाच, आणि बाईसाहेब सवयीने वाकल्या, फोल्डरला हात लावून कपाळाला लावला. त्यांना वाटलं हिचं काहीतरी पडलं. तेही बिचारे चष्मा सावरत टेबलाखाली शोधायला लागले. ही म्हणते, "आई, मला सांगताच येईना की काही पडलेलं नाहीये." दोघं अर्धा मिनिट खाली वाकून.

असो. नवीन प्रश्न आहे. डबा त्या सामानाच्या खोलीतच राहिलाय. स्टीलचा, दोन पुडांचा, आणि त्यावर सासूबाईंचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली आहे. आभाराचा मेल तिला आज पाठवायचाच आहे. त्यात डब्याचं लिहावं का?

कोकणी_फणस

अजिबात नाही! निकाल येईपर्यंत त्या डब्याचं नावही काढू नका. आभाराच्या मेलमध्ये मागणी? छे.

बटाटेवडा

आभार प्राध्यापकांना, डबा कोऑर्डिनेटरला. दोन वेगळे मेल. यातही कमीपणा वाटत असेल तर कठीण आहे, काका.

रविवारची_मिसळ

आत दशम्या उरल्यात का? उरल्या असतील तर आजच लिहा. चार दिवसांनी तो डबा तिथलाच कुणी उघडला तर व्यावसायिक वर्तनाचा रकाना काय भरतील देव जाणे.

अंगणवेल

दोन उरल्यात. आणि फणसकाका, निकाल येईल तेव्हा येईल, सासूबाई फेब्रुवारीच्या पाच तारखेला येतायत.