गाडीला रॅप केलं, तर विमा कंपनीचं काय बिघडलं?

तापीकाठचा
आधी काय झालं ते सांगतो. माझी पांढरी हॅचबॅक, १२०० सीसी, एमएच १९. मागच्या वर्षी जळगावात पूर्ण रॅप करून घेतलं, म्हणजे रंगावर विनाइल चिकटवून घेतलं, मॅट हिरवं. दुकानदार त्याला 'मिलिटरी' म्हणत होता. ५२,००० गेले. यंदा मे महिन्यात फैजपूरच्या अलीकडे केळीचे घड भरलेला ट्रॅक्टर बाजू देताना इतका चिकटला की ट्रॉलीची कडी डाव्या फेंडरपासून दारापर्यंत ओढत गेली. पत्रा दबला नाही, पण विनाइल फाटून खालचा रंगही खरवडला.

विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघायला आला. फाटलेली कड नखाने उचलली, खालचा पांढरा रंग पाहिला, आरसी मागितली. म्हणे, "कागदावर पांढरी, समोर हिरवी. हे कंपनीला कळवलं होतं का?" नव्हतं कळवलं. खुलाशाचं पत्र द्या म्हणाला. मग एकोणीस दिवस फोनाफोनी. शेवटी पेंटिंगचे १०,००० आणि दोन पॅनलच्या रॅपचे ९,००० अशा १९,००० च्या बिलावर हातात पडले ७,७५०.

माझं म्हणणं सरळ आहे. रॅप म्हणजे गाडीचा अंगरखा, आज घातला, उद्या काढला. माझ्या पॉलिसीवर इंजिन नंबर आहे, चेसिस नंबर आहे, मॉडेल, वर्ष, सीसी, सीट सगळं आहे. रंगाचा रकानाच नाही. जे तुम्ही विचारलंच नाही ते मी लपवलं कसं? आणि पूर्ण प्रीमियम घेऊन निम्मं पण हातावर ठेवत नाहीत, याला काय म्हणायचं?

बठ्ठं_बरोबर_शे
गाडी तुनी, पैसा तुना, मंग कंपनीले इचारानं काब्र? भाऊशी सहमत.

डेंटिंगपेंटिंग_धुळे
भाऊ, मी बॉडीशॉपला क्लेमच्या टेबलावर बसतो, दिवसाला असे दोन-तीन जण भांडून जातात. रागावू नका, पण तुमचे पैसे रॅपमुळे कापलेलेच नाहीत. हिशेब मांडून दाखवतो.

पेंटिंगचं एकत्रित बिल असलं की त्यातलं २५ टक्के मटेरियल धरतात. १०,००० चे २,५००. त्या मटेरियलवर ५० टक्के घसारा, म्हणजे १,२५० गेले. राहिले ८,७५०. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० सक्तीची वजावट. राहिले ७,७५०. रुपयाचाही फरक नाही. गाडी पांढरीच असती तरी हेच मिळाले असते. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जोड-कव्हर, घेतलं असतं तर ते १,२५० वाचले असते, एवढंच.

रॅपचे ९,००० मिळाले नाहीत कारण रॅप पॉलिसीत नव्हतंच. कंपनीने आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) धरली ती कारखान्यातून आली त्या गाडीची. तुम्ही वरून ५२,००० चा माल चढवला, त्यावर एक पैसा प्रीमियम भरला नाही, आणि आता भरपाई मागता. शेतात विहीर एक, मोटारी दोन, आणि वीजबिल एकाच मोटारीचं भरायचं म्हणता, असं झालं ना हे.

दुसरं, कोणी विचारलं नाही म्हणून सांगतो. ७,७५० साठी क्लेम लावलाच कशाला? तुमचा एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची प्रीमियममधली सूट, किती होता?

तापीकाठचा
३५ टक्के. आता शून्य.

डेंटिंगपेंटिंग_धुळे
बघा. पुढच्या वर्षी ४५ झाला असता. खरं नुकसान तिथे आहे.

कज्जेदलाल_अमळनेर
दोन्ही बाजू अर्धं-अर्धं बोलताहेत. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात हे कलम कडकपणे लावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ नव्या रूपात आलं: बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० दंड, किंवा दोन्ही. रंग आरसीवर असतो, त्यामुळे पोलिसाने गाडी अडवली तर तुमचा 'अंगरखा' तिथे चालेलच असं नाही.

पण त्याच कलमाखाली स्पष्टीकरण आहे, ते कोणी वाचत नाही. 'बदल' म्हणजे गाडीच्या रचनेतला असा बदल, ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. विनाइलचा पातळ पापुद्रा चिकटवल्याने कोणती रचना बदलली? मी उभा राहिलो तर हाच मुद्दा मांडेन. जिंकेनच असं लिहून देणार नाही.

विम्याचं वेगळं. अट मोडली म्हणून ओन डॅमेजचा (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा) क्लेम दरवेळी मुळासकट नाकारता येत नाही, अपघाताशी त्या अटीचा संबंध किती ते बघावं लागतं. २०१० च्या एका निकालात खासगी गाडी भाड्याने दिली होती तरी सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण नकार मान्य केला नाही, नॉन-स्टँडर्ड, म्हणजे अट मोडलेला क्लेम, धरून पैसे द्यायला लावले. अशा क्लेमला ७५ टक्क्यांपर्यंतचा मापदंड आहे. रंगाने ट्रॅक्टर अंगावर येत नाही! थर्ड पार्टीची, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीची, तर चिंताच नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये कंपनीला बचावाचे मोजके मुद्दे दिलेत, गाडीचा रंग त्यात नाही.

भुसावळ_जंक्शन
वकीलसाहेब, कोर्टातलं झालं. स्टेशनच्या पार्किंगमधून गाडी गेली तर? पोलीस ठाण्यात आरसी दाखवणार, ते पांढरी लिहून घेणार, बिनतारीवर पांढरी सांगणार, नाक्यावर पांढऱ्या गाड्या तपासणार, आणि तुमची हिरवी समोरून मुक्ताईनगरकडे निघून जाणार. तुम्ही हिरवी सांगितली तर एफआयआर एक रंग, आरसी दुसरा, पॉलिसी आरसीप्रमाणे. मग कंपनी म्हणणार, चोरीला गेली ती हीच गाडी कशावरून? रॅपचा खरा धोका ओरखड्यात नाही, चोरीत आहे.

कज्जेदलाल_अमळनेर
मुद्दा चांगला आहे. चोरीच्या क्लेमबद्दलही २००८ चा निकाल आहे, तिथेही वापराची अट मोडलेली असताना ७५ टक्के कायम ठेवले, कारण चोरीशी त्या अटीचा संबंध नव्हता. पण ते मिळवायला किती वर्षं घासावी लागतात ते तुम्ही विचारू नका, मी सांगत नाही.

विनाइल_आणि_हीटगन
मी जळगावात रॅपचंच काम करतो (तापीकाठच्या भाऊंची गाडी माझ्याकडची नाही, ते आधीच सांगतो). सगळे आमच्यावर खापर फोडतात म्हणून लिहितो.

गिऱ्हाइकाला मी तीन गोष्टी सांगतो: आरटीओत रंगाची नोंद करा, कर्ज असेल तर बँकेची एनओसी घ्या, विम्यावर शेरा मारून घ्या. दहातले नऊ जण म्हणतात, "बघू नंतर, तू गाडी दे." आरटीओ आणि विम्याच्या कटकटीसाठी कोणी रॅप करत नाही, लग्नाच्या वरातीसाठी करतात.

आणि माल बघून घ्या हो. कास्ट विनाइल आणि कॅलेंडर्ड विनाइल दिसायला सारखंच, कॅलेंडर्डचा भाव जवळपास निम्मा. कॅलेंडर्ड आपल्या ४५ डिग्रीत आक्रसतं. आधी छप्पर आणि बोनेट, मग दाराच्या कडा कुरळ्या व्हायला लागतात, त्यात धूळ बसते. तीन उन्हाळे काढल्यावर ते उतरवायला आलात की गोंद पत्र्यावर राहतो. दार आधी कधी बाहेरच्या गॅरेजात रंगवलेलं असेल तर विनाइलसोबत रंगाचा पापुद्राही निघून येतो. तो खर्च कोणतीच कंपनी देत नाही, झीज म्हणून बाजूला ठेवते.

बाकी 'मिलिटरी' म्हणून विकणाऱ्याला माझा नमस्कार.

भुसावळ_जंक्शन
का, त्या रंगात काय?

विनाइल_आणि_हीटगन
ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. केंद्रीय मोटार वाहन नियम, १२१. मी तो रोल दुकानात ठेवतच नाही.

तापीकाठचा
नियमात 'रंगवलेली' असेल ना? माझी रंगवलेली नाही, चिकटवलेली आहे.

डेंटिंगपेंटिंग_धुळे
हे फागण्याच्या चौकात हवालदाराला सांगा 😄

मिरची_दोंडाईचा
माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे. मी खासगी गाडीच्या दोन्ही दारांवर आमच्या मिरची-मसाल्याच्या दुकानाचं रॅप केलंय, नाव, मोबाइल नंबर, लाल मिरचीचा फोटो. रंग पांढराच, फक्त दारं. आरसीशी भांडण नाही. मग मी तरी सुटलो ना?

डेंटिंगपेंटिंग_धुळे
मालक, तुमचं प्रकरण तर जास्त नाजूक. गाडीत माल नेता?

मिरची_दोंडाईचा
शिरपूर, नंदुरबारला पाकिटं पोचवतो. आठवड्यातून दोनदा. पोती नाही, खोकी.

डेंटिंगपेंटिंग_धुळे
खासगी कारच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' वाचा. भाड्याने देणं, शर्यत, आणि नमुने सोडून इतर मालाची वाहतूक, हे त्यात बसत नाही. एरवी डिकीतली चार खोकी कोणाला दिसली नसती. तुम्ही स्वतःच दारावर लिहून ठेवलंत. सर्व्हेअरचा पहिला फोटो त्या मिरचीचाच येणार. जाहिरातीची परवानगी आरटीओकडून घ्यावी लागते, तेही बघा.

कज्जेदलाल_अमळनेर
आणि इथे माझा '७५ टक्क्यां'चा आधार आहे खरा, पण तो भांडून मिळवायचा आधार आहे. मालवाहू म्हणून नोंदलेली गाडी आणि तिची पॉलिसी घ्या, झोप लागेल.

तापीकाठचा
हिशेब पटला, ७,७५० चं मी उगाच रॅपवर ढकललं. पण मूळ मुद्दा सोडत नाही. एकोणीस दिवस कशाला लागले? खुलाशाचं पत्र कशाला? प्रस्तावात 'गाडीला रॅप आहे का' अशी एक ओळ छापायला यांना किती शाई लागते? विकताना फोनवर दोन मिनिटांत पॉलिसी, आणि क्लेमला आला की आरसी धरून उन्हात उभं करायचं.

डेंटिंगपेंटिंग_धुळे
हे मात्र खरं. यात मी तुमच्या बाजूने. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी कोणालाच एजंटाने रॅपबद्दल विचारलेलं नसतं. पण कंपनीची चूक म्हणून तुमचं काम टळत नाही. मेल करा, बिल जोडा, विनाइलची किंमत नॉन-इलेक्ट्रिकल अॅक्सेसरी म्हणून आयडीव्हीत धरता का विचारा. काही धरतात, काही नाही म्हणतात. धरलं तर एंडोर्समेंटचा, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाचा, कागद हातात घ्या, फोनवरचं 'हो सर' धरू नका. आणि नाही म्हणाले तरी तो मेल राहू द्या, उद्या 'लपवलं' म्हणायची सोय राहत नाही.

कज्जेदलाल_अमळनेर
तक्रारच करायची तर आधी कंपनीच्या तक्रार विभागात लेखी. तिथे नाही जमलं तर विमा लोकपाल. आपल्या खान्देशाला पुण्याचं कार्यालय, वकील लागत नाही, फी नाही. नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत.

तापीकाठचा
एकोणीस दिवसांसाठी लोकपालाकडे जात नाही, पोटापाण्याची कामं आहेत. मेल आज करतो. रंगाचं बघायला सोमवारी आरटीओत जातो. आणि हो, डावी बाजू नवीन चिकटवली ती उजवीपेक्षा गडद दिसते. दुकानदार म्हणतो रोल तोच आहे, वर्षभर उन्हाने जुनी बाजू उतरली. आता पलीकडचीही बदलू की काय?

विनाइल_आणि_हीटगन
बदलू नका. सोमवारी आरटीओत काय म्हणतात ते आधी ऐका. हिरवी नको म्हणाले तर सगळंच उतरवायला लागेल. उतरवायला दुपारी आणू नका, सकाळी सातला आणा.