कॉप-वन मागे जातं, तर माल पुढे कसा सरकतो?

निपाणीची विद्यार्थिनी: बेकरीत पाव फुगवणारं यीस्ट आमच्या सेमिनारला आलंय. पेशीत प्रथिनं ईआर नावाच्या जाळ्यात बनतात आणि गॉल्गी नावाच्या पिशव्यांमधून पुढे जातात. कॉप-टू या प्रथिनांचं आवरण असलेल्या पुटिका, म्हणजे इवल्या थैल्या, ईआरमधून हा माल गॉल्गीकडे नेतात, कळलं. पण कॉप-वन हे दुसरं आवरण तर मागे नेतं! मग गॉल्गीत माल पुढे ढकलतं कोण?

खानापूरचे सर: कुणीच नाही गं, माल पिशवीतच राहतो आणि गॉल्गीची ती पिशवीच सुरुवातीच्या टप्प्यातून शेवटच्या टप्प्यात रूपांतरित होते. आपली खानापूर-बेळगाव बस घे. प्रवासी बसूनच राहतात, कंडक्टर मात्र वाटेत उतरून उलट्या बसनं परततो. प्रवासी म्हणजे माल, बस म्हणजे पिशवी, कंडक्टर म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यात काम करणारे एन्झाइम, उलटी बस कॉप-वन. 2006 मध्ये शिकागोत ग्लिक आणि जपानात नाकानो यांच्या गटांनी हे जिवंत यीस्टमध्ये पाहिलं. ग्लिक यांच्या चित्रफितीत सुरुवातीचं प्रथिन हिरवं आणि शेवटचं लाल चमकतं, आणि एकच हिरवा ठिपका, म्हणजे एक पिशवी, बघता बघता लाल होतो! मी वर्गात ती दरवर्षी दाखवतो, अजून अंगावर काटा येतो. या यीस्टच्या पिशव्या थप्पीत नसतात, सुट्या विखुरलेल्या असतात, म्हणून एकेकीवर नजर ठेवता येते.

विद्यार्थिनी: कॉप-वन बंद पाडलं तर, सर?

बेळगावच्या टिळकवाडीतल्या बाई: मी सांगते. तेव्हा सुरुवातीची आणि शेवटची प्रथिनं एकाच पिशवीत मिसळलेली दिसतात. शेवटच्या टप्प्यावरची ने-आण मात्र चालू राहते, तिथं क्लॅथ्रिन हे वेगळं आवरण असतं. सेमिनारमध्ये हे नक्की मांड.