'एनिमीज टू लव्हर्स'ला मराठीत काय म्हणाल?

फँटसी कादंबऱ्यांत हा प्रकार सारखा भेटतो. नायिका तलवार चालवणारी, नायक शत्रुसैन्यातला. पहिल्या भेटीत ती त्याच्या गळ्याला पातं लावते आणि तिसऱ्या भागापर्यंत दोघं एकाच तंबूत. यावर लेख लिहितोय, पण दर परिच्छेदात 'एनिमीज टू लव्हर्स ट्रोप' (ट्रोप म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा कथासाचा) लिहायचा कंटाळा येतो. 'प्रणयकलह' चालेल का? आणि नायिकेला वीरांगना म्हणावं की रणरागिणी?

* * *

प्रणयकलह नको. त्यात प्रणय आधी आणि कलह नंतर: रुसवा, अबोला, मनधरणी. तुमच्या कथेत क्रम उलटा आहे. 'वैरानुराग' म्हणून बघा, वैरातून उपजलेला अनुराग. 'शत्रुप्रिया' हा शब्द मात्र टाळा; शत्रूची प्रिया की शत्रू जिला प्रिय आहे ती, हे समास सोडवल्याशिवाय कळत नाही.

* * *

वैरानुराग भारदस्त आहे, पण बोलताना कोण म्हणणार? आपल्याकडे छत्तीसचा आकडा आहेच. ३६ मधले तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसतात, ६३ मध्ये समोरासमोर येतात. 'छत्तीसचे त्रेसष्ट' म्हणा, अख्खं कथानक आलं!

* * *

> छत्तीसचे त्रेसष्ट

मथळ्याला झकास. पण छत्तीसचा आकडा म्हणजे न पटणं. कचेरीतल्या दोघांतही असतो. माझ्या मते नावापेक्षा 'एनिमी'चं वजन आधी ठरवा. मराठीत त्याच्या पायऱ्या आहेत. अढी मनात असते, समोरच्याला पत्ताही नसतो. तेढ दोन्हीकडून. आकस धरला की माणूस संधी शोधतो. खुन्नस नजरेत दिसते आणि बहुतेकदा तिथेच विरते. वैराला मात्र कारण लागतं, सांडलेलं रक्त किंवा हिरावलेली जमीन, आणि हाडवैर तर पुढच्या पिढीला वारशात मिळतं.

यातल्या निम्म्या कादंबऱ्यांत प्रत्यक्षात असते ती खुन्नस. त्यानं टोमणा मारला, तिनं खंजीर फेकला, नेम मुद्दाम चुकवला. त्याला वैर म्हटलं की वाचक फसतो. उलट नायकाच्या सैन्यानं तिचं गाव जाळलेलं असेल आणि तुम्ही 'दोघांत तेढ होती' लिहिलंत, तर तिचं दुःख तुम्ही परस्पर मिटवलंत. पुढे ती त्याला जवळ करते ते मग स्वस्तात पडतं. अशा ठिकाणी प्रेमाआधी परतफेड दिसायला हवी, माफी मागणं नव्हे, काहीतरी गमावणं. ते नसेल तर मी पुस्तक मिटतो.

* * *

नायिकेबद्दल: 'रणरागिणी' बातम्यांनी झिजवला. मोर्चा काढला की रणरागिणी. शिवाय त्यात आवेश आहे. थंड डोक्यानं वेढा आखणाऱ्या सेनानीला तो बसत नाही. 'वीरांगना' बरा, पण जरा पुतळ्यासारखा. नेता-नेत्री, अभिनेता-अभिनेत्री, तसं योद्धा-योद्ध्री व्याकरणात चोख बसतं. उच्चारताना जीभ अडखळते, ते सोडा. मी सरळ 'ती योद्धा होती' असंच लिहीन.

* * *

प्रमिलेला कुणीच कसं आठवलं नाही? पांडवांच्या अश्वमेधाची कथा सांगणाऱ्या 'जैमिनी अश्वमेध' या ग्रंथातली स्त्रीराज्याची राणी. यज्ञाचा घोडा अडवते, अर्जुनाशी लढते आणि शेवटी त्याच्याशीच लग्न. अर्थात वरच्या पायऱ्या लावल्या तर तिथे वैर घोड्यापुरतंच, पिढीजात काही नाही.

* * *

युद्ध आणि प्रेम एकत्र नांदतात का, हा वाद संस्कृत काव्यशास्त्रातही जुनाच. विश्वनाथानं साहित्यदर्पणात वीररस शृंगाराच्या विरोधी रसांत टाकला, तर आनंदवर्धनाला वीर आणि शृंगार एकत्र नांदायला हरकत दिसत नाही. या कादंबऱ्यांचे वाचक आनंदवर्धनाच्या बाजूचे!

* * *

'विरोधभक्ती' चालेल का? वैरापोटी देवाचाच ध्यास घेणं, रावण, कंस, शिशुपाल यांच्यासारखं.

* * *

नाही हो. ती एकतर्फी, आणि शेवटी मोक्ष मिळतो, नवरा नाही.

* * *

सर्वांचे आभार. मथळ्यात 'छत्तीसचे त्रेसष्ट' आणि मजकुरात 'वैरानुराग' घेतो. पायऱ्यांचा मुद्दा पटला, त्यामुळे निवडलेल्यांपैकी दोन कादंबऱ्या आता 'खुन्नस' खाली सरकवाव्या लागतील. योद्ध्री एकदा वापरून बघतो. संपादकांनी कापला तर 'योद्धा'.