खरेखुरे ग्राफिक्स असूनही गेममधली मजा लवकर का ओसरते?

प्रश्न

प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स हे कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायची यंत्रं) २०२० मध्ये आले, तेव्हापासून ट्रेलरमध्ये ओल्या रस्त्यावरचं प्रतिबिंब आणि कातडीवरची छिद्रंच जास्त दिसतात. मला ते मनापासून आवडतं. पण दोन-चार दिवसांत तो गेम मागे पडतो आणि मी पुन्हा कार्टूनसारखं काहीतरी लावतो. खरं दिसणं आणि मजा येणं यांचं वाकडं आहे का?

प्रतिसाद : जुनी कार्ट्रिज

वाकडं नाही, पण दोन्ही एकच समजू नका. मारिओ उडी मारतो ती आठवा. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये तो हवेत असताना दिशा बदलतो, आणि बटण जितका वेळ दाबाल तितका उंच जातो. हे कोणत्याही माणसाला जमणार नाही. तरी ती उडी अगदी आपल्या बोटातून निघाल्यासारखी वाटते. मजा तिथे आहे.

'झेल्डा'चं उदाहरण मला फार जवळचं आहे. २००० साली निंटेंडोने आपल्या गेमक्यूब या कन्सोलची झलक म्हणून 'झेल्डा'चा नायक लिंक अगदी खऱ्यासारखा, तलवार चालवताना दाखवला. पुढच्या वर्षी त्याच जागी मोठ्या डोळ्यांचा, कार्टूनमधला लिंक आला आणि चाहते भडकले. पण तोच 'झेल्डा' गेम, 'विंड वेकर', खेळताना त्या डोळ्यांकडे लक्ष द्या. कोड्याशी संबंधित वस्तू जवळ असली की लिंक तिकडे बघतो. म्हणजे डोळे मोठे काढले ते नुसते गोंडस दिसावेत म्हणून नाही, ते खेळणाऱ्याला वाट दाखवतात! २००२ चा हा गेम आजही जुना वाटत नाही. त्या काळातले 'अगदी खरे' चेहरे आता बघवत नाहीत.

प्रतिसाद : शेवटचा लॅप

वास्तवाची बाजू कुणीतरी घ्यायला हवी. १९९७ च्या 'ग्रॅन टुरिस्मो'मध्ये शर्यतीत उतरण्याआधी लायसन्सच्या परीक्षा द्याव्या लागायच्या. त्यात ठरलेल्या जागी गाडी थांबवायची एक परीक्षा. ऐकायला रटाळ, पण ब्रेक नेमका कधी दाबायचा हे कळलं की वळणावर गाडीचं वजन पुढे झुकलेलं हातांना जाणवतं. 'मारिओ कार्ट' या कार्टून शर्यतीत केळ्याचं साल फेकायची मजा वेगळी, ही वेगळी. वास्तव खेळाच्या नियमांत उतरलं तर मला ते हवंच आहे.

'रेड डेड रिडेम्प्शन २' या खऱ्यासारख्या दिसणाऱ्या काउबॉय गेममध्ये मात्र प्रत्येक खण उघडून वस्तू उचलायचं ॲनिमेशन पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं. पहिल्यांदा छान वाटतं, पण रोज रोज कोण बघणार? त्याच गेममध्ये घोड्याशी हळूहळू जमणारी गट्टी मला अतिशय आवडते.

प्रतिसाद : दुसरा प्लेअर

'झेल्डा'चाच 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' बघा. चित्र रंगवल्यासारखं, पण गवत पेटवलं की गरम हवा वर जाते आणि त्या झोतावर ग्लायडर उंच नेता येतो. वादळात धातूची ढाल पाठीवर असेल तर वीज तुमच्यावरच. एकदा हे कळलं की आपण स्वतःच उद्योग शोधायला लागतो.

प्रश्नकर्ता

शेवटचा लॅप, 'नियमांत उतरलेलं वास्तव' हे पटलं. मग माझ्याकडचे जड ग्राफिक्सचे गेम पुन्हा लावायचे तर सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद : जुनी कार्ट्रिज

आधी सेटिंगमध्ये जा. नव्या कन्सोलवरच्या बऱ्याच गेममध्ये दोन मोड असतात. एकात चित्र जास्त रेखीव पण बहुधा सेकंदाला ३० फ्रेम (म्हणजे ३० चित्रं), दुसऱ्यात चित्र थोडं साधं आणि ६० फ्रेम. ६० ला एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची, ३० ला ३३ ची, त्यामुळे ६० मध्ये बटणाला उत्तर लवकर मिळतं. मी डोळे झाकून ६० चा मोड घेते. प्रतिबिंबं थोडी पुसट होतील, होऊ द्या. मारामारी किंवा शर्यतीचा गेम आधी लावा, फरक लगेच हाताला कळेल.