मदत हवी आहे: बंद ट्रेलरमध्ये चार एटीव्ही, कड्या कुठे मारू?

चिखलसम्राट
नमस्कार मंडळी. बंद बॉडीचा सेकंडहँड ट्रेलर घेतलाय. आत काहीच नाही, खाली नुसतं प्लायवूड. चार एटीव्ही, म्हणजे जाड टायरच्या चारचाकी ऑफ-रोड गाड्या न्यायच्यात, शनिवारी निघायचंय. गाड्या बांधायला तळाला सुट्ट्या कड्या मारू की ई-ट्रॅकची लांब पट्टी बसवू? आणि नेमक्या कुठे? ड्रिल हातात घेऊन बसलोय, लवकर सांगा. "गूगल करा" म्हणणाऱ्यांनी कृपया पुढचा धागा गाठावा.

नटबोल्ट
आधी ड्रिल खाली ठेवा. ट्रेलर किती फुटी? आतली रुंदी? अ‍ॅक्सल एक की दोन? गाड्यांचं वजन? आणि ट्रेलरच्या पाटीवर सामानासकट चालणाऱ्या एकूण वजनाचा आकडा काय आहे?

चिखलसम्राट
अहो साधा नेहमीचा ट्रेलर आहे. गाड्याही नेहमीच्याच. मी फक्त कड्यांचं विचारलं.

खटारा_एक्स्प्रेस
"नेहमीचा" मोजायची टेप माझ्याकडे नाही.

पान्याचा_बाप
ई-ट्रॅक. डोळे झाकून ई-ट्रॅक. सुट्ट्या कड्या एकदा मारल्या की त्यांच्या जागेप्रमाणे गाडी उभी करावी लागते, पट्टीला ओळीने खाचा असतात, हूक हव्या त्या खाचेत अडकवता येतो. मी दोन लांब पट्ट्या आणि दोन आडव्या टाकल्यात, पाच वर्षं मजेत चाललंय.

नटबोल्ट
पट्टी असो नाहीतर कडी, ती धरलीय कशाला हे महत्त्वाचं. नुसत्या प्लायवूडमध्ये स्क्रू मारलेत तर जोराच्या ब्रेकला कडी फळीसकट हातात येईल. खाली वाकून बघा, लोखंडी आडव्या पट्ट्या साधारण 16 किंवा 24 इंचांवर असतात. बोल्ट त्यांच्यातून आरपार गेला पाहिजे. तिथे जमत नसेल तर फळीच्या खालून जाड लोखंडी प्लेट लावून नट आवळा. पिटुकल्या वॉशरवर भागवू नका. आणि भोक पाडण्याआधी खालून वायरिंग कुठून गेलंय ते बघा. मी एकदा ब्रेकची वायर कापलीय.

भटकभवानी
एक विचारू? भिंती कुठल्या रंगाच्या आहेत? आतून पांढरा रंग देऊन टाका, रात्री सामान शोधताना फार फरक पडतो. आमच्याकडे वर फोल्डिंगची झोपायची फळीसुद्धा आहे.

खटारा_एक्स्प्रेस
झोपायची फळी आणि खाली पेट्रोल भरलेल्या चार गाड्या? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साचते. नुसत्या छतावरच्या झरोक्याने ती जात नाही, खालच्या बाजूलाही जाळीची भोकं हवीत. इंधनाचा कॉक असेल तर बंद करा. आणि गाड्या आत असताना तिथे झोपू नका.

भटकभवानी
आम्ही गाड्या बाहेर काढूनच झोपतो. इतकं कळतं.

चिखलसम्राट
बरं, मोजलं. आतून लांबी 20 फूट, रुंदी 8 फुटांच्या वर, पण मध्ये चाकांचे डबे आत आलेत. दोन अ‍ॅक्सल. पाटीवर 3,175 किलो. काल दोन गाड्या टाकून एक चक्कर मारली तर ट्रेलर शेपूट हलवायला लागला, अंगावर काटा आला. तोही कड्यांमुळेच असेल ना?

नटबोल्ट
हे आता सांगताय! त्या दोन गाड्या कुठे उभ्या केल्या होत्या?

चिखलसम्राट
रॅम्पजवळ. आत नेल्या तर उतरून बाहेर यायला जागाच उरत नाही. सीटवर गुडघा टेकवून, हँडलवरून पाय टाकून यावं लागतं. एकदा पँट अडकून ब्रेकच्या लिव्हरवर लोंबकळलोय.

नटबोल्ट
तिथेच गोम आहे. वजन अ‍ॅक्सलच्या मागे गेलं की हिचवरचा, म्हणजे ओढणाऱ्या गाडीला ट्रेलर जोडतो तिथला, भार कमी होतो आणि ट्रेलर डोलतो. एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भार हिचवर यायला हवा. तुमचा ट्रेलर पूर्ण भरला तर तो 320 ते 475 किलो होतो, आणि ओढणाऱ्या गाडीची हिच तेवढं सोसते का तेही बघा. पुन्हा डोललाच तर मुख्य ब्रेक दाबू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, ओढणाऱ्या गाडीतल्या ब्रेक कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूच लावा.

पान्याचा_बाप
ई-ट्रॅक असता तर गाड्या पुढे सरकवता आल्या असत्या.

नटबोल्ट
बरं बाबा.

गिअरगुरू
चारही ट्रेलरच्या रुंदीत आडव्या लावा. एटीव्ही साधारण 7 फूट लांब, 4 फूट रुंद, म्हणजे एकीला लांबीतले 4 फूटच लागतात. चाकांखाली छोट्या ट्रॉल्या घालून फिरवायच्या.

खटारा_एक्स्प्रेस
आडवी गाडी ब्रेकला कलंडते. माझी कलंडली होती.

गिअरगुरू
पट्टे चारी कोपऱ्यांना तिरके ओढले नसतील.

खटारा_एक्स्प्रेस
पट्टे होते चार. पण सामानाच्या रॅकला अडकवले होते, फ्रेमला नाही. रॅक वाकला, पट्टा सुटला. एवढं कबूल. चाकांवरून जाळीचा पट्टा टाकावा असं माझं मत आहे. सस्पेन्शन दाबून फ्रेम बांधली की खड्ड्यात गाडी आणखी दबते, पट्टा सैल होतो आणि हूक निसटतो.

गिअरगुरू
पट्टा आवळणारा रॅचेट चांगला असेल तर काही होत नाही. पट्ट्यावर दोन आकडे असतात, मोठा तुटण्याचा आणि छोटा कामाचा. छोटा हा मोठ्याच्या साधारण एक तृतीयांश. लोक मोठा वाचून खूश होतात.

नटबोल्ट
चिखलसम्राट, रिकाम्या ट्रेलरचं वजन आणि चारही गाड्यांचं, प्लीज.

चिखलसम्राट
रिकामा 1,500 किलो. गाड्या तीन, प्रत्येकी 340. चौथी दोन सीटवाली, ती 700.

नटबोल्ट
चौथी दोन सीटवाली?

चिखलसम्राट
हो, बायको आणि मी बसतो ती. सांगितलं नव्हतं का?

खटारा_एक्स्प्रेस
नाही, सम्राट.

नटबोल्ट
बघा. 3,175 मधून 1,500 गेले, उरले 1,675. तुमच्या गाड्याच 1,720. त्यावर पेट्रोलचे कॅन, हत्यारं, स्टेपनी. लांबीतही बसत नाही. तीन आडव्या म्हणजे 12 फूट, दोन सीटवाली साडेनऊ धरा, झाले साडेएकवीस. ट्रेलर 20 चा. चारही एका फेरीत जाणार नाहीत. दोन सीटवाली आणि एक छोटी न्या, किंवा नुसत्या तिन्ही छोट्या. मोठी आडवी न लावता लांबीच्या दिशेनेच ठेवावी लागेल. ती अशी ठेवा की तिचं बहुतेक वजन अ‍ॅक्सलच्या पुढे पडेल.

चिखलसम्राट
बाजूचं दारही आहे, पुढे डावीकडे. त्याचा उपयोग होईल का?

गिअरगुरू
अहो मग हँडलवर लोंबकळलात कशाला! सगळ्यात पुढची गाडी दाराच्या जरा मागे थांबवा आणि तिथून बाहेर पडा.

चिखलसम्राट
त्याचं कुलूप गंजलंय. उघडत नाही.

पान्याचा_बाप
कुलपाचा फोटो टाका.

भटकभवानी
आणि भिंतींचा पण.